‘क्या की’ पासून यकीनपर्यंत

दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी आमच्या शाळेत झेंडावंदन होते. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. परभणी जिल्ह्यातल्या इतर सर्व शाळांप्रमाणे आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतही. प्रभातफेरी निघते, भाषणे होतात, मुलांना खाऊ मिळतो आणि सगळे घरी जातात. काही वर्षांपूर्वी असाच कार्यक्रम संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने मला व्हरांड्यात गाठले आणि विचारले, “टीचर, उस टैम अपने लोगां किधर थे?”

मी इतिहास शिकवते. बी.एड. करताना इतिहासाच्या अध्यापनाची पद्धतही शिकले आहे. उत्तर माझ्याजवळ असायला हवे होते. मी म्हणाले, “क्या की, बेटा.”

आपल्या दखनीतले ‘क्या की’ म्हणजे मराठीतले ‘कुणास ठाऊक’. हे दोन शब्द आपण दिवसातून वीस वेळा उच्चारतो. पण त्यांचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ प्रामाणिक आहे : मला खरोखर माहीत नाही. दुसरा अर्थ सोयीचा आहे : माहीत करून घ्यायची माझी तयारी नाही. त्या दिवशी माझे ‘क्या की’ दुसऱ्या अर्थाचे होते. ते माझे मलाच टोचले. त्या टोचणीतून जे वाचन आणि जी विचारपूस झाली, ती या लेखात मांडत आहे. प्रश्न त्या मुलीचा असला तरी त्याच्या पोटात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. माणसाला खरोखर काय कळू शकते? आणि जे आपण पाहिलेले नाही, ते कळते म्हणजे नेमके काय होते?

गझालींचा संशय

हा प्रश्न इमाम गझालींना (१०५८ ते ११११) आजारासारखा जडला होता. बगदादच्या निजामिया मदरशात ते शिकवत होते. त्या काळी याहून मोठी प्रतिष्ठा विद्वानाला मिळत नसे. आपल्या आत्मकथनात त्यांनी सांगितले आहे की, ज्याविषयी तिळमात्र शंका उरणार नाही असे ज्ञान कोणते, याचा ते शोध घेऊ लागले. आधी त्यांनी डोळ्यांची परीक्षा घेतली. सावलीकडे पाहिले तर ती स्थिर दिसते; पण तासाभराने पाहावे तर ती सरकलेली असते. तारा नाण्याएवढा दिसतो. पण गणित सांगते की तो पृथ्वीपेक्षाही मोठा आहे. म्हणजे डोळ्यांची साक्ष अकलेने खोटी पाडली. मग त्यांच्या मनात आले, अक्कल तरी खरी कशावरून? स्वप्नात असताना आपल्याला सगळे खरेच वाटत असते. जाग आल्यावर कळते की ते खोटे होते. या जागेपणातूनही कधी जाग येणार नाही कशावरून?

सुमारे दोन महिने ते या अवस्थेत होते. त्यातून बाहेर काढले ते युक्तिवादाने नव्हे, अल्लाहने अंतःकरणात घातलेल्या प्रकाशाने, असे ते म्हणतात. पुढे १०९५ मध्ये त्यांनी मदरसा सोडला आणि ते प्रवासाला निघाले. नऊशे वर्षांपूर्वीच्या या माणसाने आपल्याला एक गोष्ट शिकवून ठेवली : शंका घेणे हा ईमानाचा शत्रू नाही. तो ज्ञानाचा उंबरठा आहे.

गझालींचे समकालीन उमर नसफी यांनी अकीद्यावर एक छोटीशी पुस्तिका लिहिली. ती टीकेसह आपल्याकडच्या मदरशांत आजही शिकवली जाते. तिच्या सुरुवातीलाच ज्ञानाची तीन साधने सांगितली आहेत : निरोगी इंद्रिये, खरी खबर आणि अक्कल. आता आपल्या देशातल्या न्यायदर्शनाकडे पाहा. तेथे चार प्रमाणे मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकांनी यातले फक्त प्रत्यक्ष खरे मानले आणि बाकीची नाकारली. पण नैयायिकांनी ‘शब्द’ म्हणजे विश्वासार्ह माणसाचे सांगणे हे ज्ञानाचे साधन म्हणून कायम ठेवले. एक परंपरा अरबीत विचार करत होती, दुसरी संस्कृतात. दोघींनाही हे समजले होते की केवळ स्वतःच्या डोळ्यांवर माणसाचे भागत नाही.

थोडा विचार केला तर हे कुणालाही पटेल. माझे आईवडील कोण, मी जन्मले कधी, बगदाद नावाचे शहर आहे की नाही, हे सर्व मला कुणीतरी सांगितले म्हणून कळले. यातले मी स्वतः काहीच पडताळलेले नाही. आणि इतिहास तर सगळाच असा आहे. तो पाहण्याची सोय नाही. तो ऐकावा लागतो, वाचावा लागतो. कुरआनातल्या शब्दांवरून आपले उलेमा यकीनच्या तीन पायऱ्या सांगतात : इल्मुल-यकीन, ऐनुल-यकीन आणि हक्कुल-यकीन. आग आहे हे ऐकून किंवा धूर पाहून जाणणे, आग डोळ्यांनी पाहणे आणि आगीत हात पोळणे, असे त्यांचे नेहमीचे उदाहरण असते. इतिहास शिकवणाऱ्याच्या वाट्याला बहुधा पहिलीच पायरी येते. तेव्हा प्रश्न उरतो एवढाच की, धूर खरा कोणता आणि धुके कोणते?

सांगणाऱ्याची चौकशी

या बाबतीत आपल्या पूर्वजांनी केलेले काम आपणच विसरलो आहोत. सूरह हुजुरातमध्ये हुकूम आहे की, भरवशाचा नसलेला माणूस खबर घेऊन आला तर आधी तपास करा. नाहीतर अजाणतेपणी कुणाचे तरी नुकसान कराल आणि मागाहून पस्तावाल. या एका हुकमातून एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले. इमाम बुखारी (८१० ते ८७०) आणि त्यांच्यासारख्या मुहद्दिसांनी प्रत्येक हदीसमागची सांगणाऱ्यांची साखळी तपासली. याने कुणाकडून ऐकले? दोघांची भेट झाली होती का? त्याची स्मरणशक्ती कशी होती? म्हातारपणी ती क्षीण झाली होती का? त्याचा यात काही स्वार्थ होता का? हजारो माणसांच्या चरित्रांचे ग्रंथ केवळ एवढ्यासाठी तयार झाले.

त्यांनी खबरेचे दोन मोठे वर्ग केले. इतक्या माणसांनी, इतक्या वेगवेगळ्या वाटांनी सांगितलेली की सगळ्यांनी मिळून खोटे बोलणे शक्य नाही, ती मुतवातिर. तिने यकीन येते. एकादोघांकडून आलेली ती आहाद. तिने बहुधा ‘जन्न’ म्हणजे प्रबळ अंदाज येतो. मुतवातिरचाही एक पोटभेद आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. कधी कधी शब्द वेगळे, तपशील वेगळे, प्रसंग वेगळे. पण सगळ्यांतून निघणारा अर्थ एकच असतो. याला मुतवातिर-ए-मानवी म्हणतात. उलेमांचे ठरलेले उदाहरण हातिमताईचे आहे. हातिमने याला उंट दिला, त्याला घोडा दिला, यातली प्रत्येक गोष्ट एकेकट्या माणसाने सांगितलेली. एकेक गोष्ट खोटी असू शकेल. पण हातिम दानशूर होता, यात शंका उरत नाही.

मुहद्दिसांच्या पुढे दोन माणसांनी पाऊल टाकले. अल्-बिरूनीने १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. त्याच्या आरंभी तो मान्य करतो की ऐकलेल्या गोष्टीला पाहिलेल्या गोष्टीची सर येत नाही. पण डोळ्याला फक्त समोरचे आणि आत्ताचे दिसते. गेलेल्या काळापर्यंत खबरच पोचते, हेही तो सांगतो. मग तो खोटे सांगणाऱ्यांचे प्रकार मोजतो. कुणी आपल्या जातजमातीची शान वाढवण्यासाठी खोटे बोलतो, कुणी दुसऱ्यांच्या द्वेषापोटी, कुणी भीतीने, तर कुणी केवळ अज्ञानाने ऐकीव गोष्ट पुढे ढकलतो. दुसरा माणूस इब्न खल्दून (१३३२ ते १४०६). १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दमा’त तो म्हणतो की सांगणारा सच्चा असणे पुरेसे नाही, सांगितलेली गोष्ट घडणे शक्य तरी होते का, हेही पाहावे. हजरत मूसांबरोबर सहा लाखांचे सैन्य होते, असे जुने इतिहासकार लिहून गेले. इब्न खल्दून हिशेब मांडतो. हजरत याकूबांपासून हजरत मूसांपर्यंत पिढ्या किती झाल्या? तेवढ्या पिढ्यांत माणसे किती वाढतील? आणि एवढे सैन्य रणांगणावर उभे केले तर एका टोकाला काय चालले आहे ते दुसऱ्या टोकाला कळेल का? सैन्याचे आणि संपत्तीचे आकडे फुगवून सांगण्याची माणसाला खोडच असते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

ही सर्व हत्यारे हाती घेऊन मी त्या मुलीच्या प्रश्नाकडे परतले.

एका वर्षाची दोन नावे

माझे आजोळ पूर्णेच्या काठचे. तेथल्या बुजुर्ग हिंदू माणसांच्या बोलण्यात त्या काळाचे नाव ‘रझाकारी’ असे आहे. “रझाकारीत आमचं घर जळलं”, “रझाकारीत आम्ही वऱ्हाडात गेलो.” माझ्या नानीच्या तोंडी मात्र ‘रझाकारी’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. ती म्हणायची, ‘पोलीस ॲक्शन’. तिच्या ओळखीच्या सगळ्या बायकांची वये पोलीस ॲक्शनच्या अलीकडे किंवा पलीकडे मोजलेली असत.

गाव एक, नदी एक, वर्ष एक. नावे मात्र दोन. फरक फक्त नावाचा नाही. ‘रझाकारी’ची कहाणी १७ सप्टेंबर १९४८ ला संपते. ‘पोलीस ॲक्शन’ची कहाणी त्याच दिवशी सुरू होते. म्हणून एकाच्या कहाणीत दुसऱ्याचे दुःख येतच नाही. ते त्या तारखेच्या पलीकडे राहते.

घटना थोडक्यात अशा. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही निजाम मीर उस्मान अली खान यांनी हैदराबाद संस्थान भारतात विलीन केले नाही. संस्थानात १६ जिल्हे होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे त्यातले पाच मराठी जिल्हे. आजचा हिंगोली जिल्हा १९९९ पर्यंत परभणीतच होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा सुरू होता. दुसरीकडे लातूरचा वकील कासिम रझवी याच्या नेतृत्वाखाली मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचे रझाकार दल होते. या दलाने खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ आणि खून केले. हे नाकारण्यात अर्थ नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला, तो रझाकारांच्या विरोधात आणि विलीनीकरणाच्या बाजूने लिहिल्याबद्दल. ‘अपने लोगां किधर थे’ याचे एक उत्तर त्या खुनात आहे. आपले लोक दोन्हीकडे होते.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. लष्कराने या मोहिमेला ‘पोलो’ नाव दिले होते. सरकारने जगाला सांगताना ‘पोलीस कारवाई’ म्हटले. त्यानंतरच्या दिवसांत अनेक जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. रझाकार होते त्यांच्या आणि ज्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता त्यांच्याही.

अनंत भालेराव, नरहर कुरुंदकर यांच्यासारख्या थोर लेखकांनी या लढ्यावर मराठीत लिहिले आहे. कुरुंदकर तर तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या कुरुंद्याचे; १९४८ मध्ये ते सोळा वर्षांचे होते. लढ्याची बाजू मराठी वाचकाला पुस्तकांतून कळते. त्या तारखेनंतरच्या दिवसांची आठवण मात्र बहुतेक करून आपल्या नान्या-दाद्यांच्या तोंडी, दखनीत राहिली. जी गोष्ट तोंडी राहते तिचे दोन धोके असतात. ती फुगते, नाहीतर मरते.

आकड्यांची कसोटी

किती माणसे मेली? या प्रश्नाला मला मोहल्ल्यात जितकी उत्तरे मिळाली तितके आकडे मिळाले. कुणी दोन लाख म्हणतो, कुणी पाच लाख. उलट, असे काही झालेच नाही, शेदोनशे गुंड मेले असतील, असेही मी ऐकले आहे. इब्न खल्दून असता तर दोघांनाही थांबवून म्हणाला असता, हिशेब दाखवा.

हिशेबाच्या जवळ जाणारा एक कागद आहे. पंतप्रधान नेहरूंच्या इच्छेने एक सदिच्छा मंडळ हैदराबादला पाठवले गेले. त्यात पंडित सुंदरलाल, ‘लैला के खुतूत’चे लेखक काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री होते. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात त्यांनी १६ पैकी ९ जिल्ह्यांत प्रवास केला. ७ जिल्हा मुख्यालये, २१ शहरे आणि २३ महत्त्वाची खेडी पाहिली. जेथे जाता आले नाही अशा १०९ खेड्यांतल्या पाचशेहून अधिक माणसांच्या जबान्या घेतल्या. त्यांचा अगदी सावध अंदाज असा की, कारवाईच्या काळात आणि त्यानंतर सबंध संस्थानात किमान २७ हजार ते ४० हजार माणसांचे प्राण गेले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत १८ हजारांहून कमी नाहीत. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चारांत किमान ५ हजार. त्याच अहवालात हेही नोंदवले आहे की कित्येक ठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले आणि एकाच धंद्यातल्या माणसांत ही आपुलकी विशेष दिसली. हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी उभे राहिले.

हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्याचे काही अंश अभ्यासकांनी पुढे आणले, पण ए. जी. नूराणी यांच्या पुस्तकातून तो संपूर्ण छापून आला तेव्हा २०१३ साल उजाडले होते. पासष्ट वर्षे! जी मुले त्या वेळी दहा वर्षांची होती ती पंचाहत्तरीला पोचली होती.

आता मुहद्दिसांचे प्रश्न या कागदाला विचारू. सांगणारे कोण? एक हिंदू आणि दोन मुसलमान. घटनेनंतर किती काळाने? अडीच-तीन महिन्यांनी, आठवण ताजी असताना. पाहणाऱ्यांना भेटले का? हो, शेकडोंना. स्वार्थ काय? येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. हे मंडळ ज्या सरकारच्या वतीने गेले, त्याच सरकारला अडचणीत आणणारी साक्ष त्याने दिली. स्वतःच्या विरुद्ध जाणारा कबुलीजबाब फिकहमध्येही वजनदार मानतात. म्हणून मी तो आकडा स्वीकारते. तो दोन लाखांचा नाही, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. दुःखाला फुगवलेल्या आकड्याची गरज नसते. उलट एक आकडा खोटा ठरला की सगळे दुःखच खोटे ठरवायला लोक टपलेले असतात.

आणि परभणी? त्या आठ जिल्ह्यांच्या यादीत परभणीचे नाव नाही. यावरून येथे काहीच घडले नाही असे सिद्ध होत नाही; आणि नाव दडवले म्हणून भयंकर काही घडले असेही सिद्ध होत नाही. मौनातून पुरावा काढण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो. तो टाळावा लागतो.

कागदही माणसानेच लिहिलेला

काहीजण म्हणतील, तोंडी गोष्टींचे सोडा, कागद काय म्हणतो ते बघा. शिक्षिका म्हणून मला कागदाची चांगली ओळख आहे. आमच्या शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर उघडले तर पानेच्या पाने १ जून या जन्मतारखेने भरलेली दिसतात. महाराष्ट्रात हे सगळीकडेच आहे. बाप म्हणाला, ‘क्या की, बारिश के पैले हुआ’, आणि गुरुजींनी शाळेच्या सोयीची तारीख लिहून टाकली. त्याच तारखेवर पुढे नोकरी लागली, त्याच तारखेवर निवृत्ती झाली. शिक्का आहे, सही आहे, शाई आहे. फक्त तारीख खरी नाही.

निजामाच्या कागदांचा आणखी एक पेच आहे. त्यांवर फसली साल असते. ते ऑक्टोबरात सुरू होई. फसली १३५७ मध्ये ५९० मिळवले की १९४७ येते. पण ते ऑक्टोबर ते डिसेंबरपुरते. जानेवारीनंतरच्या महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. म्हणून सप्टेंबर १९४८ हाही फसली १३५७ च. ज्याला हे ठाऊक नाही तो अस्सल कागदावरून एक वर्ष चुकीचा इतिहास लिहील.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातल्या कचेऱ्यांत निजामकाळचे उर्दू आणि मोडी कागद धुंडाळले गेले. कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. त्या वेळी उर्दू वाचणारी माणसे शोधावी लागली. जी भाषा केवळ मुसलमानांची म्हणून बाजूला पडली होती, तिच्यात गावातल्या प्रत्येकाच्या पणजोबाचे नाव, शेत आणि जात लिहिलेली निघाली. माझ्याकडेही काही शेतकरी खासरा पाहणीच्या नकला घेऊन आले. मी वाचून दाखवल्या. एका नकलेत नाव पुसट होते. आणणाऱ्याला जे हवे होते तसे ते वाचता आले असते, दुसऱ्या तऱ्हेनेही वाचता आले असते. नुक्ता कुठे आहे तेच दिसत नव्हते. मी म्हणाले, “दादा, हे मला लागत नाही.” तो नाराज होऊन गेला. माहीत नसताना माहीत आहे म्हणणे किती सोपे असते, हे मला त्या दिवशी कळले.

उभ्या ज्वारीतल्या राती

आता माझ्या घरची खबर सांगते. नानी पोलीस ॲक्शनच्या वेळी नऊ वर्षांची होती. ती सांगायची, “तीन राताँ ज्वारी में थे अपन. उभी ज्वारी थी, सर के उप्पर.” सप्टेंबर महिना, खरिपाची ज्वारी पुरुषभर वाढलेली. त्यात आई आणि चार लेकरे बसून राहिली. रात्री कुणीतरी भाकरी आणून द्यायचे. नानीचे थोरले भाऊ, त्यांना आम्ही मोठे नाना म्हणायचो, ते सांगत आठ दिवस. दोघांची यावरून वादावादी होई. दोघेही आता अल्लाहला प्यारे झाले.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी आजोळी गेले. ज्या घरातून भाकरी येत होती असे नानी सांगे, त्या घरातले मामा आज पंचाहत्तरीचे आहेत. आईचे गाव म्हणून मी त्यांना मामा म्हणते. त्यांचा जन्म त्यानंतरचा. त्यांनी जे ऐकले ते आपल्या आईकडून. ते म्हणाले, “भाचीबाई, ज्वारीत एकच रात होती. मग आईनं समद्यांना माळवदावर आणून निजवलं.” तीन रात्री, आठ दिवस, एक रात्र. तपशील तीन तऱ्हांचे. पण तिन्ही साखळ्या एका जागी मिळतात : भाकरी आली आणि ती त्या घरातून आली. हातिमताईच्या दानशूरपणासारखी ही गोष्ट मला आता यकीनाची वाटते.

मी उठायला लागले तेव्हा मामा जरा घुटमळले. मग म्हणाले, “एक सांगू का, राग मानू नको. तुझ्या नानीच्या बापाच्या अंगावर रझाकाराचा पोशाख आईनं पाह्यला होता. गावात काही केलं नाही म्हणायची त्यानं. बाहेरगावी जायचा. तिथलं काय, आई सांगू शकत नव्हती.”

नानीने हे कधीच सांगितले नाही. ती सांगायची, अब्बा चौकीदार होते. मी घरी आले आणि काही दिवस कुणाशी बोलले नाही. मनात पळवाटा तयार होत होत्या. ही आहाद खबर आहे, एकट्या बाईने सांगितलेली. मामांनी स्वतः पाहिलेले नाही. पोशाख म्हणजे दुसराच कुठलातरी गणवेश असेल. शास्त्राचे शब्द मला आता वकिलासारखे वापरता येत होते. पण त्याच शास्त्राचा पुढचा प्रश्न होता, सांगणारीचा स्वार्थ काय? जिने त्या माणसाच्या बायकामुलांना माळवदावर निजवले आणि भाकरी दिली, ती त्याच्यावर खोटा आळ कशाला घेईल? पोशाख पाहूनही तिने भाकरी दिली, हे तर उलट तिचे मोठेपण. म्हणून ही खबर मी यकीन म्हणून नाही, पण प्रबळ अंदाज म्हणून स्वीकारली आहे. बाहेरगावी काय झाले ते मला कळणार नाही. तेथे माझे ‘क्या की’ आहे आणि ते आता पहिल्या अर्थाचे आहे.

सूरह निसामध्ये ताकीद आहे की, साक्ष द्याल ती इन्साफाने द्या, मग ती तुमच्या स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध का जाईना. ही आयत मी लहानपणापासून पढत होते. तिचा अर्थ आजोळच्या त्या ओसरीवर कळला. सुंदरलाल यांच्या मंडळाने आपल्या सरकारविरुद्ध साक्ष दिली. शोएबउल्ला खान यांनी आपल्याच जमातीतल्या जुलमी माणसांविरुद्ध साक्ष दिली आणि जीव गमावला. त्यांच्यापुढे पणजोबाच्या पोशाखाची गोष्ट छापायला किती धैर्य लागते? फारसे नाही. तरी मला दोन वर्षे लागली.

माणसाला काय कळू शकते, या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. ते गझालींजवळही युक्तिवादाने आले नव्हते. पण इतिहासापुरते एवढे म्हणता येते की, ज्याला फक्त आपल्या सोयीची खबर ऐकायची आहे त्याला काहीही कळणार नाही, मग ग्रंथालय त्याच्या घरात असो. आणि ज्याची आपल्याविरुद्धची साक्ष ऐकायची तयारी आहे, त्याला निदान धूर आणि धुके यांतला फरक कळू लागतो. आपले उलेमा सगळी चर्चा करून, निर्णय देऊन, शेवटी ‘वल्लाहु आलम’ लिहितात. त्यांनी ते चर्चेच्या आधी लिहून लेखणी खाली ठेवली नाही, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

गेल्या सप्टेंबरात मी सातवीच्या मुलांना एक काम दिले. घरातल्या बुजुर्गांना १९४८ विषयी विचारायचे आणि वहीत चार रकाने आखून लिहायचे. काय झाले? कुणी सांगितले? त्यांनी स्वतः पाहिले की ऐकले? आणि चौथा रकाना : दुसऱ्या मोहल्ल्यातले लोक त्याच गोष्टीविषयी काय सांगतात? पस्तीस वह्या आल्या. पहिले तीन रकाने गच्च भरलेले होते. चौथा रकाना एकतीस वह्यांत कोरा होता.

त्या एकतीस वह्या मी परत दिल्या आहेत. मुदत वाढवून दिली आहे.